उजेड संध्याकाळी सातला

तळघरात सकाळी सातला दिवे विझतात.
टायमरचा बारीकसा टक्, आणि उंदरांची रात्र सुरू.
मग मी आत येते. लाल बल्बखाली
त्यांना मी दिसत नाही म्हणे, नुसता वास येतो माझा.
म्हणून सेंट नाही, तेल नाही, साबण एकच, बिनवासाचा.
"प्रयोग संपेपर्यंत काही बदलू नकोस,"
यीजुननं पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
"नवरा बदललास तर चालेल."
हसली नव्हती.

बाहेर पिट्सबर्गचा नोव्हेंबर.
बसेस टेकडी चढतात ते फक्त ऐकू येतं.
येताना अंधार, जाताना अंधार,
मधे लाल.

आई विचारते, काय करतंस गो थंय दिवसभर?
सांगितलं, उंदरांना पाण्यात सोडते.
"उंदरांका पेवक शिकयतंस?
हंय तांदळात शिरलेत ते धाडू काय?"

पोहणं त्यांना येतंच, आई.
शिकायचं असतं ते थांबणं.
दुधट पाण्याखाली, बोटभर खोल,
एक न दिसणारा पाट.
भिंतीवर त्रिकोण, पट्ट्यापट्ट्यांचा कागद, एक काळा पडदा:
एवढ्याच खुणा.
पहिल्या दिवशी सगळे कडेकडेनं फिरतात,
मीच हात घालून उचलून ठेवते पाटावर.
चौथ्या दिवशी एक्केचाळीस नंबर सात सेकंदांत पोचला,
चढला, मिशा पुसल्या,
आणि माझी वाट बघत बसला.
टॉवेल गरम असावा हे नियमात आहे.
टॉवेलात जरा जास्त वेळ धरावं, हे नाही.

पाचव्या दिवशी पाट काढून घेतात.

साठ सेकंद. मी पडद्यामागे.
एक्केचाळीस थेट तिथं गेला.
नव्हता.
वळला, परत तिथंच. परत.
स्क्रीनवर त्याच्या वाटेची रेघ उमटत होती,
एकाच कोपऱ्यात नुसती गिचमिड,
आणि जितकी गिचमिड तितकी आठवण पक्की
असा आमच्यात हिशेब.
छत्तीस सेकंद तिथल्या तिथं.
ब्यूटिफुल, म्हणाल्या डॉक्टर हॉलोरन.

मे महिन्यात कुडाळला गेले तेव्हा
बाबल्याच्या सायकल दुकानापाशी रिक्षा थांबवली.
दुकान हायवेत गेलेलं. तिथं आता दुभाजक, त्यात कण्हेर.
माझ्याकडे सायकलही नव्हती, हवा कशात भरणार होते?
तरी उतरले. उभी राहिले.
किती सेकंद, ते कुणी मोजले नाहीत.

उद्या शुक्रवार.
उद्या एक्केचाळीसचा मेंदू काढायचा,
मग कागदाहून पातळ काप, मग रंग.
पहिल्या वर्षी हात थरथरायचे.
आता थरथरत नाहीत
हे मी आईला सांगितलेलं नाही.
पिंजरे धुणारा कोवालचिक म्हातारा
नंबराचं कार्ड काढताना टोपी मागे सरकवतो, बोलत काही नाही.
तीस वर्षं झाली म्हणे त्याला इथं.

आज सातपर्यंत थांबले.
काम नव्हतं. हिशेब केला होता:
इथले सात म्हणजे कुडाळातले पहाटेचे साडेपाच.
दोन वर्षं या खोलीत वावरून आत्ता लक्षात आलं,
की ही मंडळी पिट्सबर्गला राहतच नाहीत.
यांचं उजाडतं तिकडच्या वेळेनं.

टक्.
पांढरा लख्ख उजेड.
तिकडे तुळशीपुढे भाऊ डाव्या अंगठ्याखाली कारीट घेऊन उभा असेल,
गोविंदा म्हणून ओरडेल,
कडू बी जिभेला लावून तोंड वाकडं करेल.
इथं एक्केचाळीसनं उजेडाकडे पाठ केली,
बेचाळीसच्या पोटाखाली नाक खुपसलं,
आणि झोपला.

आईनं धाडलेली उटण्याची पुडी
ड्रॉवरमध्ये आहे, हातमोज्यांच्या खोक्यामागे.
प्लॅस्टिकमधूनही थोडा वास येतो.
यीजुनला विचारलं.
शनिवारी फोडलीस तर चालेल, म्हणाली.